पुराच्या आठवणी (कोल्हापूर)

हवामान बदलाच्या काळात स्वतःवर गुदरलेले प्रसंग माणसे सांगतात आणि ऐकणारे त्यावरून पुढचे पाऊल ठरवतात. या कथनाचे कोल्हापुरातले रूप म्हणजे पंचगंगेच्या महापुराच्या आठवणी. आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत अशा सांगण्याला जागा मिळाली ती फिजीमुळे. २०१७ च्या बॉन हवामान परिषदेचे अध्यक्षपद त्या देशाकडे होते. मंडळी जमवून, कोणावर ठपका न ठेवता गोष्टी सांगायच्या, या तिकडच्या ‘तालानोआ’ रीतीवर २०१८ चा देशादेशांमधला हवामानविषयक संवाद बेतला गेला. ठपका न ठेवण्याची अट कोल्हापुरात कोणी पाळत नाही.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांची मिळून पंचगंगा होते. संगम प्रयाग चिखलीजवळ. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी धरतात. पावसाळ्यात वर्तमानपत्रे हे आकडे रोज छापतात, पण गावात विचारायचा प्रश्न वेगळा असतो: ‘पाणी कुठवर आलंय?’ उत्तरही फुटांत येत नाही. जामदार क्लबपर्यंत आलं, सुतारवाड्यात शिरलं, व्हीनस कॉर्नरला लागलं, असे ते येते. घराच्या आत पायरी, उंबरा, खिडकी, माळा अशी मापे लागतात, आणि प्रत्येक मापाला एक साल चिकटलेले असते. १९८९ आणि २००५ ही दोन साले बराच काळ शेवटचा शब्द मानली जात. पुराची आठवण ही अशी भिंतीवरची मोजपट्टीच असते. काही घरांनी तर रंगाने रेघ ओढून तिच्यापुढे साल लिहिले आहे.

याच मोजपट्टीने २०१९ मध्ये दगा दिला. ‘२००५ ला दारापर्यंतच आलं हुतं’ या भरवशावर नदीकाठची कित्येक कुटुंबे घरातच थांबली, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बंधाऱ्यावरचे पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला. चिखली, आंबेवाडीच्या लोकांना बोटींतून काढावे लागले. थांबण्याला दुसरेही कारण होते, आणि ते सांगताना माणसे अजून अडखळतात: दावणीची म्हैस सोडून जायचे कसे? जुलै २०२१ मध्ये पाणी ५६ फुटांच्या वर चढले. त्या वेळी मात्र २०१९ ची गोष्ट ताजी होती, त्यामुळे अनेकांनी जनावरांसह आधीच घर सोडले. ज्या हवामानात जुनी आठवण तयार झाली ते हवामानच बदलले, तर ती ऐकणाऱ्याला वाचवू शकते तशी बुडवूही शकते. या विषयावरच्या गोड चर्चांमध्ये ही बाजू सहसा येत नाही.

या कथनात ‘हवामान बदल’ हा शब्द क्वचितच ऐकू येतो. शेतकरी नक्षत्रांवर बोलतो: २०१९ चा पूर आश्लेषात आला, २०२१ चा पुष्यात, म्हणजे ‘म्हाताऱ्या’ पावसात. ‘चार महिन्यांचा पाऊस चार दिवसांत पडतोय’ हे त्याचे निदान शास्त्रज्ञांच्या निष्कर्षापासून फार दूर नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एका पुरावरून मात्र असा निष्कर्ष काढता येत नाही. आठवणीला तर तो काढायचाच नसतो. तिला गुन्हेगार हवा असतो. कोणी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा म्हणतो, कोणी राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे, कोणी पूररेषेत उठलेल्या इमारती. २०१९ नंतर शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली, पण पारावरचा वाद मिटला नाही.

पाणी उतरल्यावर पंचनामा होतो. त्यात भिंत किती पडली, क्षेत्र किती बुडाले, जनावरे किती गेली हे लिहितात. शेंड्यावरून पाणी गेले की उसाचा पोंगा, म्हणजे कोवळा शेंडा, कुजतो, हे क्षेत्राच्या आकड्यात मावते. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत आणि बापट कॅम्पात गणपती महिन्यावर आला असताना कच्च्या मूर्ती पाण्यात विरघळताना पाहणे कोणत्या रकान्यात लिहायचे? घरातला गाळ उपसताना बायका एकमेकींना जे सांगतात, त्यातला बहुतेक भाग असाच नोंदीबाहेर राहतो. प्रस्तुत नोंदकाराला तोच अधिक मोलाचा वाटतो.

शिरोळ तालुक्यात याच पाण्याची वेगळी गोष्ट सांगतात. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचे पाणी दत्ताच्या मंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडले, की तो ‘दक्षिणद्वार सोहळा’ ठरतो आणि भाविक त्या प्रवाहात स्नानाला धावतात. पाणी आणखी चढले, की उत्सवमूर्ती वरच्या नारायणस्वामी मठात हलवावी लागते.