शेतात किंवा विहिरीत तेल पसरल्यास भरपाईचा अर्ज : कोणी, कोठे आणि कोणत्या कागदपत्रांसह

खान्देशात खनिज तेल निघत नाही, पण त्याची ने-आण आणि साठवण रोजच चालते. मुंबईहून मनमाडमार्गे इंदूरजवळच्या मांगल्याकडे जाणारी भारत पेट्रोलियमची भूमिगत तेलवाहिनी (पाइपलाइन) धुळे जिल्हा ओलांडते, मुंबई-आग्रा आणि सुरत-धुळे महामार्गांवर टँकरची सतत वर्दळ असते आणि भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणी बॉयलर पेटवण्यासाठी तेलाचा साठा ठेवावा लागतो. यांपैकी कोठेही गळती होऊन शेताचे किंवा विहिरीचे नुकसान झाल्यास भरपाई मागण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. मात्र नुकसान कशामुळे झाले, यावर अर्ज कोणत्या कार्यालयात करायचा हे ठरते.

वाहिनीच्या तपासणीसाठी किंवा दुरुस्तीसाठी शेत खोदले आणि उभे पीक गेले, तर पेट्रोलियम व खनिज वाहिन्यांसंबंधीच्या १९६२ च्या कायद्यातील कलम १० लागू होते. हा अर्ज वाहिनीसाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे करावा. त्याने ठरवलेली रक्कम मान्य नसल्यास जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते. ज्या पट्ट्याचा वापर-हक्क वाहिनीसाठी संपादित झाला आहे, तेथे विहीर खोदणे, बांधकाम करणे किंवा झाड लावणे याच कायद्याने मना आहे. म्हणून सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ या रकान्यातील नोंद आधीच पाहून ठेवावी.

टँकर उलटून किंवा साठवण टाकी फुटून नुकसान झाल्यास सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम, १९९१ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. येथे कोणाची चूक होती हे अर्जदाराला सिद्ध करावे लागत नाही. अपघाताची खबर मिळताच तिची खातरजमा करून जाहीरपणे अर्ज मागवणे हे जिल्हाधिकाऱ्यांचेच कर्तव्य आहे, आणि गावाने निवेदन देताना कलम ५ चा स्पष्ट उल्लेख करून ते मागावे. अर्जाची मुदत अपघातापासून पाच वर्षे असून तो शक्यतो तीन महिन्यांत निकाली काढावा, असे कायदा सांगतो. या कायद्याखालची मदत तातडीची आणि मर्यादित असते. ती घेतल्याने पुढचा मोठा दावा बंद होत नाही.

तो मोठा दावा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या, म्हणजे पर्यावरणविषयक दावे ऐकणाऱ्या न्यायसंस्थेच्या, पुणे खंडपीठाकडे करता येतो, आणि वाहिनीतून झालेल्या गळतीसाठी हाच मार्ग अधिक भक्कम आहे असे मला वाटते. या न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यातील कलम १५ नुसार पीक, माती, पाणी आणि मालमत्ता यांच्या हानीची भरपाई तसेच जमीन पूर्ववत करून देणे, दोन्ही मागता येते. मुदत दाव्याचे कारण प्रथम घडल्यापासून पाच वर्षे आहे. मागितलेल्या रकमेच्या एक टक्का, किमान १,००० रुपये, इतके शुल्क भरावे लागते, मात्र दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ आहे. मराठी कागदपत्रांना इंग्रजी भाषांतर जोडावे आणि अन्यत्र अर्ज केला असेल किंवा मदत मिळाली असेल तर ते न लपवता नमूद करावे. वकिलाचा खर्च झेपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, कारण महिला तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

अर्जदार जमिनीचा मालकच असावा असे नाही. ज्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तो, इजा झालेली व्यक्ती, मृताचे वारस किंवा यांनी अधिकार दिलेला प्रतिनिधी अर्ज करू शकतो. बटाईने शेत करणाऱ्याने पीक आपले असल्याचा लेखी पुरावा जोडावा. सातपुड्यातील ज्या कुटुंबांकडे सातबारा नाही, त्यांनी वनहक्काचे प्रमाणपत्र जोडावे.

सातबारा, आठ-अ, ई-पीक पाहणीची नोंद, ओळखपत्र आणि बँक पासबुकाची प्रत हे कागद नंतरही मिळतात. पंचनाम्याचे तसे नाही, आणि माझ्या मते दाव्याचे सारे वजन त्यावरच असते. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून तेल खाली उतरते आणि वरची माती चार दिवसांत कोरडी दिसू लागते, त्यामुळे ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) आणि सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) यांच्याकडून पंचनामा त्वरित करून घ्यावा. त्यात गट क्रमांक, बाधित क्षेत्र, पिकाची अवस्था, तेल कोठून कोठे वाहिले आणि विहिरीतील पाण्याची पातळी या बाबी आल्याच पाहिजेत. ‘पिकाचे नुकसान दिसून आले’ एवढ्याच वाक्यावर सही करू नये. पाण्याचा नमुना काचेच्या बाटलीत घ्यावा लागतो, कारण प्लॅस्टिकला तेल चिकटते आणि तपासणीत प्रमाण कमी दिसते. हा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने पंचांसमोर सीलबंद केलेला असावा.

पण कागदांआधी जीव. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला किंवा पेट्रोलचा वास आला, तर मोटार सुरू करू नये, कारण स्टार्टरच्या ठिणगीने वाफ पेटू शकते. शिवाय पंप चालवला की तेल विहिरीकडे अधिक ओढले जाते. विडी, मोबाइल आणि वाहन दूर ठेवावे, बादल्या घेऊन तेल भरायला कोणालाही जाऊ देऊ नये, आणि ११२ वर तसेच वाहिनीच्या खुणेच्या खांबावर लिहिलेल्या क्रमांकावर लगेच कळवावे. त्या खांबाजवळ रात्री कोणी खोदताना दिसल्यास तीही खबर त्याच क्रमांकावर द्यावी. फोन केल्याची वेळ लिहून ठेवावी आणि ती अर्जात नमूद करावी.