एजर्टन, विल्ब्रहॅम

विल्ब्रहॅम एजर्टन (१७ जानेवारी १८३२ – १६ मार्च १९०९) हे भारतीय शस्त्रास्त्रांचे इंग्रज अभ्यासक व संग्राहक होते. चेशर परगण्यातील टॅटनच्या जमीनदार घराण्यातील एजर्टन यांचे शिक्षण ईटन व ऑक्सफर्ड येथे झाले. १८५८ ते १८८३ या काळात ते पार्लमेंटमध्ये होते आणि पुढे मँचेस्टरच्या जहाज-कालव्याच्या कंपनीचे अध्यक्षही झाले. त्यांचे नाव टिकले ते मात्र शस्त्रविद्येतील कामामुळे.

१८५५ मध्ये ते भारतात आले, तेव्हा तलवार-ढाल अजून माणसांच्या अंगावर होती. १८५७ च्या उठावानंतर सरकारने मोठ्या प्रमाणावर शस्त्रे जप्त करून मोडली आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याची सक्ती आली. लंडनमधील इंडिया म्युझियमही १८७९ मध्ये मोडीत निघाले व त्याच्या संग्रहाचा बराच भाग साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाकडे गेला. इंडिया म्युझियममधील शस्त्रांची सचित्र, वर्गीकृत सूची एजर्टन यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केली. तिची वाढवलेली आवृत्ती १८९६ मध्ये निघाली.

शस्त्रांची मांडणी केवळ आकारावरून न करता प्रदेश व समाज यांनुसार करणे, आरंभी भारताच्या लष्करी इतिहासाचा आढावा देणे आणि ‘आईन-इ-अकबरी’तील शस्त्रनामे व चित्रे यांचा आधार घेणे, ही या ग्रंथाची बलस्थाने होत. कट्यार, पट्टा, बिचवा, वाघनख ही नावे त्यात देशी रूपातच येतात, आणि हीच त्याची खरी थोरवी आहे. कारण नाव हरवले की शस्त्राचा वापरही कळेनासा होतो. मराठ्यांचा पट्टा हे त्याचे उत्तम उदाहरण होय. त्याची मूठ कोपरापर्यंत येणाऱ्या लोखंडी खोबळ्याच्या आत आडवी बसवलेली असते, त्यामुळे मनगट वळत नाही आणि लांब, दुधारी, लवचीक पाते कोपर व खांद्याच्या जोरावर फिरवावे लागते. नुसती लांबी-रुंदी नोंदवणाऱ्या सूचीतून हे उमगत नाही. मात्र एजर्टन यांनी मानववंशानुसार केलेले शस्त्रांचे गट आज जसेच्या तसे स्वीकारता येत नाहीत. युरोपीय पाते व देशी मूठ असलेली फिरंग अनेक दरबारांत वापरली जाई, तिला एका समाजाच्या खात्यात टाकणे अवघडच.

१८८३ मध्ये त्यांना वडिलांचे उमरावपद व १८९७ मध्ये अर्ल हा किताब मिळाला. त्यांचा स्वतःचा शस्त्रसंग्रह मँचेस्टर शहराकडे गेला.