उथळ पाण्यातला धोका: बेंड्स आणि एअर एम्बॉलिझम

गोव्यात स्कूबाच्या बोटीवर हमखास कानावर येणारा प्रश्न: "दादा, बेंड्स वगैरे होत नाही ना?" ग्रँड आयलंडजवळ नवख्यांना उतरवतात ते पाणी उथळ, म्हणून उत्तरही ठरलेलं: "एवढ्याशा पाण्यात कुठला बेंड्स!" खरं आहे बरंचसं. पण उथळ पाण्यातली भीती बेंड्सची नाहीच मुळी.

बेंड्सचं मूळ नायट्रोजनमध्ये. जितकं खोल जाल, जितका वेळ राहाल, तितका तो अंगात विरघळतो; भरभर वर आलात की त्याचे बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, हातापायाला मुंग्या येतात, कातडीवर जांभळट चट्टे उठतात. त्रास बहुधा काही तासांत सुरू होतो, म्हणूनच फसगत होते. सिलिंडर उचलून खांदा भरला असेल म्हणत माणूस बाम चोळतो आणि दाबोळी नाहीतर मोपा विमानतळ गाठतो. विमानातल्या कमी दाबात ते बुडबुडे आणखी फुगतात. एका डाइव्हनंतर निदान 12 तास, अनेक डाइव्हनंतर 18 तास विमान नको. उंचीवरही हवेचा दाब कमीच, म्हणून चोर्ला घाट चढायची घाईही नको.

उथळ पाण्यातली खरी भीती एअर एम्बॉलिझमची, म्हणजे रक्तात हवा शिरण्याची. त्याला खोली लागत नाही, वेळही नाही. 10 मीटरवर छातीत भरलेली हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते. मास्कमध्ये पाणी शिरलं, माणूस घाबरला, श्वास रोखून सुसाट वर आला, की फुप्फुस फाटतं आणि हवा रक्तातून थेट मेंदूत जाऊ शकते. दीड मीटर पाण्यातही हे घडू शकतं. वर येऊन तो तोंडातला रेग्युलेटर (सिलिंडरची हवा देणारं यंत्र) काढतो, अर्धं वाक्य बोलतो आणि कोसळतो. कधी तोंडाला रक्ताळलेला फेस. सारं काही मिनिटांत. आणि शेजारचा म्हणतो, "बोट लागली असेल!"

दोन्हींतलं नेमकं काय झालं, याचा काथ्याकूट बोटीवर करू नये, प्रथमोपचार एकच. सपाट उताणं झोपवा, बेशुद्ध असून श्वास चालू असेल तर कुशीवर. मास्क लावून शंभर टक्के ऑक्सिजन द्या. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास देत सीपीआर, म्हणजे छाती दाबणं. पाय वर, डोकं खाली ही जुनी पद्धत आता सोडली आहे, आणि 'परत पाण्याखाली नेऊया' म्हणणाऱ्याला तर गप्पच बसवावं. समुद्रातून तटरक्षक दलाचा 1554, किनाऱ्यावर 108.

ऑक्सिजनने तासाभरात बरं वाटलं, तरी दवाखाना चुकवू नका. खरा उपचार रिकम्प्रेशन चेंबरमध्ये, म्हणजे हवेचा दाब वाढवलेल्या बंद कक्षात होतो, म्हणून किती खोल, किती वेळ, वर कधी आला, हे डॉक्टरांना आधी सांगा. डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ नोंदवणारं यंत्र) असेल तर तो रुग्णासोबतच द्या.