जुन्या शयनगृहातील फर्निचरवर चॉक पेंटची फवारणी

कपाट, ड्रेसिंग टेबल, खणांचे टेबल, पलंगाची उशाकडची फळी असे जुने लाकडी सामान खडूसारख्या निस्तेज, मऊ पोताच्या रंगाने नव्याने सजवण्याची पद्धत. ब्रशऐवजी स्प्रे गनने रंग दिल्यास अंगावर ब्रशच्या रेघा राहत नाहीत आणि कोरीव भागांच्या खाचाही एकसारख्या भरतात.

'चॉक पेंट' या नावाने ओळखला जाणारा रंग इंग्लंडमधील ॲनी स्लोन यांनी १९९० मध्ये तयार केला. पुढे इतर उत्पादकांनी काढलेल्या त्या धर्तीच्या रंगांनाही लोक सर्रास तेच नाव देऊ लागले. फळ्यावर देतात त्या काळ्या रंगाशी मात्र याचा संबंध नाही. तो खडूने लिहिण्यासाठी असतो. इथे खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची पूड रंगातच मिसळलेली असते. साध्या रंगात चिकटद्रव्य भरपूर असते, त्यामुळे भुकटीचे सगळे कण त्यात बुडून वर गुळगुळीत पापुद्रा तयार होतो. चॉक पेंटमध्ये भुकटीचे प्रमाण जास्त असल्याने कण थोडे उघडे राहतात. त्यांच्यावर पडलेला प्रकाश विखुरतो आणि चमक नाहीशी होते. याच उघडेपणामुळे पृष्ठभाग सच्छिद्र राहतो. मुठीभोवती बोटांचे तेलकट डाग चटकन पडतात ते त्यामुळेच, म्हणून वरून मेणाचा किंवा वार्निशचा हात द्यावाच लागतो.

या रंगाची जाहिरात 'घासायला नको, अस्तर नको' अशी होते. ब्रशच्या बाबतीत ती बरीचशी खरी आहे. ब्रश रंग पृष्ठभागावर रगडतो, तो खाचाखोचांत दाबून बसवतो आणि बारीकसारीक दोष आपल्या रेघांखाली लपवतो. फवारलेले थेंब नुसते येऊन टेकतात. त्यामुळे खालच्या पॉलिशवर मळ किंवा तेल असेल तर रंगाची पकड कच्ची राहते आणि प्रत्येक ओरखडा सपाट रंगातून जास्तच ठळक दिसतो. फवारणी करायची असेल तर ती जाहिरात विसरलेली बरी. आधी साबणाच्या किंवा तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने सामान पुसून घ्यावे, वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका हात फिरवून पॉलिशची चमक मोडावी, खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरावी. सुटलेला विनियरचा, म्हणजे वर चिकटवलेल्या पातळ लाकडी थराचा पापुद्राही आधीच चिकटवावा. ओल्या रंगाने तो आणखी फुगतो.

जुन्या सामानात दोन गोष्टी विशेष छळतात. पहिली म्हणजे डाग वर येणे. महोगनी, ओक यांसारख्या लाकडांत टॅनिन हे पाण्यात विरघळणारे तपकिरी द्रव्य असते, शिवाय काही जुन्या पॉलिशमध्ये लाल छटा मिसळलेली असते. पांढऱ्या रंगाचा पहिला हात वाळताना खणाच्या दर्शनी फळीवर फिकट चहासारखा किंवा गुलाबीसर ओघ उमटतो. दुसरा हात दिला तरी तो पुन्हा उमटतो, कारण रंगातले पाणी प्रत्येक वेळी तो डाग नव्याने विरघळवून वर खेचते. हातांवर हात चढवून उपयोग नाही. मेण काढलेल्या लाखेचा, म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा पातळ थर मध्ये दिला की वाट बंद होते. दुसरा त्रास सिलिकॉनचा. वर्षानुवर्षे सिलिकॉन असलेले, चकाकी आणणारे फवारे मारलेल्या लाकडावर ओला रंग ठिकठिकाणी मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखी गोल छिद्रे पडतात. यावरही आधी नीट धुणे आणि मग चपड्याचा थर हाच भरवशाचा उपाय.

चॉक पेंट डब्यातून निघतो तेव्हा दह्यासारखा दाट असतो. पाणी घालून तो पातळ करतात, साधारण दहा ते वीस टक्के. पण डब्यागणिक दाटपणा बदलतो, तेव्हा रंग सलग धारेने पडतो का हेच पाहावे. भुकटीचे गोळे नॉझलमध्ये अडकतात म्हणून तो बारीक जाळीतून गाळणे सक्तीचे. कमी दाबाने भरपूर हवा सोडणारी गन आणि दोन मिलिमीटरच्या आसपासचे नॉझल असेल तर काम सोपे होते. घरी प्लास्टर ऑफ पॅरिस मिसळून केलेला चॉक पेंट मात्र गनमध्ये घालू नये. प्लास्टर पाण्याशी संयोग पावून घट्ट होते, आणि ते नॉझलमध्ये झाले की गनच वाया जाते. कॅल्शियम कार्बोनेट असे घट्ट होत नाही.

गन पृष्ठभागापासून वीतभर अंतरावर, समांतर फिरवतात आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवतात. जवळ धरली तर ओघळ येतात. दूर धरली तर हा झपाट्याने वाळणारा रंग हवेतच सुकतो आणि हाताला पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो. कडक उन्हात तसेच होते. दोन-तीन पातळ हात, मध्ये ३२० नंबरची हलकी घासणी, इतके पुरते. खण बाहेर काढून दर्शनी बाजू वर करून आडवे ठेवले तर ओघळांची भीती कमी. त्यांच्या कडा आणि सरकपट्ट्यांवर टेप लावतात, नाहीतर रंगाच्या जाडीने खण अडकतो. रंग पाण्याचा असला तरी तुषार फुप्फुसात जातात, म्हणून मास्क हवाच. आधीचा रंग जुना असेल तर त्यात शिसे असू शकते. अमेरिकेत घरगुती वापराच्या अशा रंगांवर १९७८ मध्ये बंदी आली. तसा संशय असेल तिथे कोरडी घासणी टाळावी.

वरचा हात मेणाचा असेल तर तो सुती फडक्याने चोळतात आणि तो पक्का व्हायला काही आठवडे लागतात. गरम कप ठेवला तर त्यावर डाग पडतो, त्यामुळे ड्रेसिंग टेबलच्या माथ्यावर पाण्याचे पॉलियुरेथेन (एक टणक वार्निश) फवारणे जास्त शहाणपणाचे. मेणावर ते धरत नाही, म्हणून निवड आधीच करावी लागते. तेलाचे वार्निश पांढऱ्या रंगाला पिवळट करते.

कोणते सामान रंगवावे यावर कारागिरांत वाद आहे. हाताने जोडलेले, मूळ पॉलिश टिकलेले जुने कपाट रंगवले की त्याची पुराणवस्तू म्हणून किंमत घसरते. लाकडाच्या रंध्रांत शिरलेली पांढरी भुकटी नंतर पूर्णपणे निघत नाही. कारखान्यात घाऊक बनलेले, विनियर उडालेले संच हेच या पद्धतीचे योग्य गिऱ्हाईक. रंगवून झाल्यावर खण आणि दारे काही दिवस किंचित उघडी ठेवतात, कारण ताज्या रंगाच्या दोन बाजू दाबून बसल्या की चिकटतात आणि ओढताना एकीचा रंग दुसरीवर निघून येतो.