अल्पऊर्जा ॲनालॉग सर्किट आणि एडीसी

मायक्रोवॅटच्या हिशेबात चालणारी ॲनालॉग सर्किटे आणि त्यांच्याकडून आलेल्या संकेताचे आकड्यांत रूपांतर करणारे ॲनालॉग-डिजिटल रूपांतरक, म्हणजे एडीसी, एकाच चिपवर रचण्याची विद्या. पेसमेकर, श्रवणयंत्रे, मनगटी घड्याळे, बॅटरीवरचे सेन्सर यांचे आयुष्य या रचनेवर ठरते. नाण्याएवढ्या सीआर२०३२ बॅटरीत सुमारे २२० मिलिअँपिअर-तास विद्युतभार असतो. दहा वर्षांचे तास होतात ८७,६००. भागाकार केला की सरासरी अडीच मायक्रोअँपिअर हाती येतात, आणि त्यातच सेन्सर, ॲम्प्लिफायर, एडीसी, प्रोसेसर या सगळ्यांचे भागवायचे असते. बॅटरी आपोआप उतरते ते वेगळेच.

डिजिटल सर्किटात वीज वाचवण्याचा सरळ मार्ग म्हणजे व्होल्टेज उतरवणे. ॲनालॉगमध्ये तो मार्ग फसवा ठरतो. व्होल्टेज उतरले की संकेताला हलायला जागा कमी उरते. गोंगाट, म्हणजे संकेतात मिसळणारे नकोसे चढउतार, मात्र होता तेवढाच राहतो. हा गोंगाट उष्णतेमुळे होणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या हालचालीतून येतो, रचनेतल्या चुकीतून नव्हे. १ पिकोफॅरडच्या कपॅसिटरवर स्विचमधून व्होल्टेज साठवले, तर साधारण २७ अंश सेल्सिअसला त्यात सुमारे ६४ मायक्रोव्होल्ट गोंगाट मिसळतोच. स्विचचा रोध कितीही असो. हा गोंगाट निम्मा करायचा तर कपॅसिटर चौपट लागतो आणि तो तेवढ्याच वेगाने भरायला प्रवाहही चौपट. म्हणून औष्णिक गोंगाटाने मर्यादित झालेल्या एडीसीत अचूकतेचा प्रत्येक जादा बिट विजेचा खर्च चौपट करतो. डिजिटल गुणाकारात एक बिट वाढवला तर खर्च थोडासाच वाढतो. या क्षेत्रातले सारे डावपेच या फरकातून जन्मले आहेत. किती बिट हवेत, हा प्रश्न इथे सर्वांत आधी आणि सर्वांत प्रामाणिकपणे विचारावा लागतो.

वीज वाचवायला मोठा आधार मिळतो तो ट्रान्झिस्टरच्या एका दुर्लक्षित प्रदेशाचा. चिपवरच्या नेहमीच्या, मॉस प्रकारच्या ट्रान्झिस्टरच्या गेटवर, म्हणजे प्रवाह नियंत्रित करणाऱ्या टोकावर, उंबरठ्यापेक्षा (तो नीट चालू होण्याच्या व्होल्टेजपेक्षा) कमी व्होल्टेज असले तरी थोडा प्रवाह वाहतो. डिजिटल रचनाकाराला ती गळती वाटते. स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे घड्याळांच्या इलेक्ट्रॉनिकीवर काम करणाऱ्या एरिक व्हितोझ आणि जाँ फेलरात यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात याच प्रवाहावर चालणारी ॲनालॉग सर्किटे मांडली. या प्रदेशात प्रवाह गेट-व्होल्टेजनुसार घातांकी गतीने वाढतो, त्यामुळे खर्चलेल्या प्रत्येक नॅनोअँपिअरमागे मिळणारे ट्रान्सकंडक्टन्स, म्हणजे गेट-व्होल्टेज बदलल्यावर प्रवाह किती बदलतो ते प्रमाण, सर्वाधिक असते. किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. वेग कमी होतो, आणि जुळे म्हणून काढलेले ट्रान्झिस्टर जुळत नाहीत. दोघांच्या उंबरठ्यात अवघा ३ मिलिव्होल्ट फरक पडला, तरी त्यांच्या प्रवाहांत सुमारे ९ टक्क्यांची तफावत येते. तेव्हा करंट मिरर, म्हणजे एका प्रवाहाची हुबेहूब नक्कल करणारे सर्किट, रचताना ट्रान्झिस्टर उदार हाताने मोठे काढावे लागतात, किंवा ते मुद्दाम उंबरठ्याच्या वर चालवावे लागतात.

एडीसीच्या प्रकारांत कमी विजेसाठी ‘सार’, म्हणजे क्रमिक सन्निकटन पद्धतीचा एडीसी, आघाडीवर आहे. सर्व पातळ्यांशी एकदम तुलना करणाऱ्या ८ बिटांच्या फ्लॅश एडीसीला २५५ तुलनक, म्हणजे दोन व्होल्टेजांत मोठे कोणते ते सांगणारी सर्किटे, लागतात. सारचे काम एका तुलनकावर भागते. त्याची रीत तराजूत वजने टाकण्यासारखी आहे. संदर्भ, म्हणजे मापाची पूर्ण पट्टी, १.६ व्होल्ट, बिट चार आणि मोजायचे १.०५ व्होल्ट, असे धरू. आधी ०.८ टाकले: संकेत जड, बिट १. मग १.२: जास्त झाले, ते काढले, बिट ०. मग १.०: बसते, १. शेवटी १.१: नाही, ०. उत्तर १०१०, म्हणजे १.० व्होल्ट. ही वजने म्हणजे दुपटीने चढत जाणारे कपॅसिटर. विद्युतभार त्यांच्यातच फिरवून तुलना करण्याची रचना मॅक्रीरी आणि ग्रे यांनी १९७५ साली मांडली. तिला सतत प्रवाह ओढणारा ॲम्प्लिफायर लागत नाही, आणि चिपतंत्र बारीक होत गेले तसतसा तिचाच सर्वाधिक फायदा झाला. नेदरलंड्समधील ट्वेंटे विद्यापीठाच्या गटाने २००८ साली सादर केलेला १० बिटांचा सार एडीसी सेकंदाला दहा लाख नमुने घेऊन १.९ मायक्रोवॅटमध्ये चालत होता.

ऑडिओसारख्या, वेग बेताचा पण अचूकता मोठी असलेल्या कामाला डेल्टा-सिग्मा पद्धत बरी पडते. ती आकडे करताना होणाऱ्या पूर्णांकनाच्या चुकीचा गोंगाट संकेताच्या वारंवारता-पट्ट्याबाहेर ढकलते.

एडीसींची तुलना बहुधा एका रूपांतर-पायरीमागे लागणाऱ्या ऊर्जेवर होते: एका नमुन्याची ऊर्जा भागिले एडीसी प्रत्यक्षात वेगळ्या ओळखू शकतो त्या पायऱ्यांची संख्या. ट्वेंटेच्या एडीसीत ती ४.४ फेम्टोज्यूल होती. या आकड्याकडे बघताना काय मोजले आहे, हे आधी पाहावे. संदर्भ-व्होल्टेज पुरवणारे सर्किट आणि एडीसीचा कपॅसिटर भरणारा इनपुट बफर पुष्कळदा त्यात धरलेले नसतात, आणि प्रत्यक्ष चिपवर हे दोघे मिळून एडीसीपेक्षा जास्त वीज खाऊ शकतात. शिवाय नमुन्यांचा वेग उतरवला की सारचा खर्च त्याच प्रमाणात उतरत जातो, तो गळतीच्या प्रवाहाला टेकेपर्यंतच. ईसीजीसारख्या सेकंदाला काहीशे नमुन्यांच्या कामात ही गळतीच मुख्य खर्च ठरू शकते. तिथे सर्वांत बारीक तंत्रापेक्षा जुने, गेटखालच्या जाड ऑक्साइड थराचे आणि कमी गळणारे ट्रान्झिस्टर अनेकदा जास्त काटकसरीचे निघतात.