बिलिबिनची चित्रे फ्रेम करून घेताना

आमच्याकडे रशियन चित्रकार इवान बिलिबिन यांच्या चित्रांच्या छापील प्रती फ्रेम करून मिळतात. सर्वाधिक मागणी ‘बाबा यागा’ला. उखळात बसून, मुसळ हातात धरून, खराट्याने मागचा माग पुसत रानातून उडणारी ही चेटकीण बिलिबिन यांनी १९०० साली सुंदर वासिलिसाच्या लोककथेसाठी काढली.

त्यांचा जन्म १८७६ चा, सेंट पीटर्सबर्गजवळचा. म्युनिकमध्ये आणि पुढे चित्रकार इल्या रेपिन यांच्याकडे ते शिकले. १८९९ चा उन्हाळा त्यांनी त्वेर प्रांतातल्या येग्नी या खेड्यात काढला. तिथली दाट जंगले मनात भरली आणि लोककथांची चित्रे सुरू झाली. ती पुस्तके १९०१ पासून छापली ती रशियाच्या नोटा छापणाऱ्या सरकारी छापखान्याने, त्यामुळे छपाई अव्वल. नंतर वोलोग्दा, अर्खांगेल्स्क असा उत्तरेकडचा मुलूख पालथा घालून त्यांनी लाकडी चर्च, भरतकाम, जुने पोशाख बारकाईने टिपले. चित्रांतले कपडे आणि घरे इतकी खरी वाटतात ती या भटकंतीमुळे.

पण बिलिबिन म्हणजे रेष! आधी पेन्सिलीने पूर्ण रेखाटन, मग कुंचल्याने शाईची ठाम बाह्यरेषा, शेवटी जलरंगांचे सपाट थर. हात इतका स्थिर की सहकारी त्यांना ‘लोखंडी हाताचा इवान’ म्हणत. जपानी लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांची छाया इथे स्पष्ट दिसते.

चित्राभोवतीची नक्षीदार किनार त्यांनी चित्राचाच भाग म्हणून आखली आहे. ती माउंटखाली, म्हणजे चित्राभोवती बसवायच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. माउंट किनारीच्या बाहेरच कापून घ्या, फ्रेम थोडी मोठी झाली तरी चालेल.

१९१७ च्या हंगामी सरकारसाठी त्यांनी काढलेला दुतोंडी गरुड आज रशियाच्या मध्यवर्ती बँकेच्या चिन्हात आहे. १९२० मध्ये त्यांनी देश सोडला. काही वर्षे इजिप्तमध्ये, मग पॅरिसमध्ये राहून १९३६ मध्ये ते लेनिनग्राडला (सेंट पीटर्सबर्गचे तेव्हाचे नाव) परतले, कला अकादमीत शिकवू लागले. शहराला जर्मन वेढा पडला तरी तिथेच थांबले आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये उपासमारीने गेले. एवढ्या मोठ्या चित्रकाराचा हा शेवट आम्हाला अजूनही अस्वस्थ करतो.

वासिलिसाच्या कथेतले तीन घोडेस्वार एकत्र घेणार असाल, तर डावीकडून पांढरा, तांबडा, काळा असे लावा. कथेत ते याच क्रमाने दिवस, सूर्य आणि रात्र आहेत. भिंत मात्र ओल न येणारी आणि थेट उन्हापासून दूरची निवडा.