प्रोसेसर-सुसंगतता, ऑपरेटिंग सिस्टिमची

नवा प्रोसेसर ओळखणे, तो सुरू करणे आणि त्याच्या सर्व सोयी वापरणे ही ऑपरेटिंग सिस्टिमची क्षमता. बाजारात ‘सपोर्ट आहे’ या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी गुंडाळल्या जातात : संगणक सुरू होणे, त्याचे सर्व भाग चालणे आणि निर्मात्याने त्या जोडीची जबाबदारी घेणे. एक्स८६ घराण्यातील (इंटेल व एएमडीचे नेहमीच्या पीसीतील) नवे प्रोसेसर जुन्या आज्ञा पाळतात, त्यामुळे पहिली गोष्ट बहुधा साधते. अडते ते दुसऱ्या-तिसऱ्यापाशी.

उगम. काही लेखक आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणक-मालिकेपासून (१९६४) सुरुवात धरतात. परंतु तेथे निरनिराळी यंत्रे एकाच आज्ञासंचाला (प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांच्या संचाला) बांधलेली होती. प्रणालीला परक्या प्रोसेसरवर जावे लागत नव्हते. १९७३ च्या सुमारास युनिक्स ही बेल प्रयोगशाळेची ऑपरेटिंग सिस्टिम सी भाषेत पुन्हा लिहिली गेली आणि ते शक्य झाले. पीडीपी या तिच्या मूळ संगणकांच्या घराण्याबाहेर ती प्रथम कोणी नेली, यावर दोन दावे आहेत. ऑस्ट्रेलियात वोलोंगाँग येथे रिचर्ड मिलर यांनी इंटरडेटा कंपनीच्या ७/३२ संगणकावर, तर बेल प्रयोगशाळेत जॉन्सन व रिची यांनी इंटरडेटा ८/३२ वर हे काम केले. दोन्ही १९७७ मधील. मिलर यांची पहिली आवृत्ती इंटरडेटाच्या स्वतःच्या प्रणालीच्या आधाराने चाले, म्हणून तिला पूर्ण स्थानांतर मानावे का, असा आक्षेप घेतला जातो. तरीही काळाचा क्रम पाहता वोलोंगाँगचा दावा अधिक सबळ वाटतो.

कार्यपद्धती. सुरू होताना कर्नल (प्रणालीचा गाभा) सीपीयूआयडी ही आज्ञा देतो आणि प्रोसेसरचे कुल, मॉडेल व स्टेपिंग (सुधारणेचा क्रमांक) वाचतो. त्यावरून दोषनिवारणे व वीजव्यवस्थापन ठरते. मॉडेल अनोळखी असेल तर सर्वसाधारण मार्ग घेतला जातो : यंत्र चालते, पण तापमान दिसत नाही किंवा कोअरचा वेग नीट बदलत नाही. १२ व्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरांत (२०२१) मोठे व छोटे असे दोन प्रकारचे कोअर आले. कोणते काम कोणत्या कोअरला द्यायचे, याविषयी प्रोसेसरकडून येणारी सूचना विंडोज ११ वाचते. लिनक्समध्ये ती वाचणारा ड्रायव्हर (यंत्रभाग हाताळणारा प्रोग्रॅम) ५.१८ आवृत्तीपासून आहे.

उलट प्रकारची फजितीही झाली आहे. विंडोज ९५ मधील वेळ मोजणारा लूप ३५० मेगाहर्ट्झ व त्यापुढच्या एएमडी के६-२ वर इतक्या लवकर संपे, की शून्याने भागण्याची वेळ येई आणि ‘प्रोटेक्शन एरर’ दिसे. प्रोसेसर निर्दोष होता. तो केवळ वेगवान होता.

निर्मात्यांचे धोरण. जानेवारी २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले, की यापुढच्या प्रोसेसरांना फक्त नव्या विंडोजवर सपोर्ट मिळेल. २०१७ मध्ये ७ व्या पिढीच्या इंटेल व एएमडी रायझन यंत्रांवर विंडोज ७ चे अपडेट अडवले गेले. विंडोज ११ ने (२०२१) इंटेलची सर्वसाधारण सीमा ८ व्या पिढीवर ठेवली आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) सक्तीचे केले. ही सीमा बऱ्याच अंशी धोरणाची होती; २४एच२ आवृत्ती मात्र पॉपकाउंट व एसएसई४.२ या आज्ञांशिवाय सुरूच होत नाही, म्हणून कोअर २ ड्युओ हे इंटेलचे जुने प्रोसेसर तेथे खरोखरच बाद.

प्रत्यक्ष अडचणी. ‘प्रोसेसर चालत नाही’ म्हणून येणाऱ्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा शेजारच्या चिपसेटमध्ये (प्रोसेसरला इतर भागांशी जोडणाऱ्या चिपमध्ये) असते. स्कायलेक या ६ व्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरबरोबरच्या चिपसेटातून जुना यूएसबी कंट्रोलर निघाला. विंडोज ७ च्या डिस्कमध्ये नव्याचा ड्रायव्हर नसल्याने स्थापनेच्या वेळी कीबोर्ड-माउस गप्प होतात. पीएस/२ (जुन्या गोल जोडणीचा) कीबोर्ड लावावा, किंवा विंडोजचे डिझम हे साधन वापरून ड्रायव्हर ‘बूट’ आणि ‘इन्स्टॉल’ या स्थापना-डिस्कवरील दोन्ही विम फाइलींत घालावा. एकातच घातल्यास स्थापना पुरी होते, पण नंतर कीबोर्ड बंद, किंवा उलट.

इंटेलच्या ११ व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपांत व्हीएमडी (डिस्क हाताळणारा इंटेलचा कंट्रोलर) चालू असतो आणि स्थापनेच्या वेळी विंडोज १० ला डिस्कच दिसत नाही. इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर उलगडून पेनड्राइव्हवर ठेवावा व ‘लोड ड्रायव्हर’ने द्यावा. बायोसमध्ये (बोर्डावरच्या, यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) व्हीएमडी बंद करणेही चालते, पण स्थापनेपूर्वी. नंतर बंद केल्यास सुरू होताना ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ येते. जुने बायोस असलेल्या एएम४ (एएमडीच्या एका सॉकेटच्या) बोर्डावर रायझन ५००० बसवताना आधी जुन्या प्रोसेसरवरच बायोस अद्ययावत करून घ्यावे, नाहीतर पडदा काळाच राहतो.

सोलापूर. चादर-टॉवेल व्यवसायात नक्षी वा हिशेबाचे जुने प्रोग्रॅम राखलेले असतील, तर नवा संगणक घेताना प्रश्न प्रोसेसरचा कमी व ६४-बिट विंडोजचा अधिक असतो. ती १६-बिट प्रोग्रॅम चालवत नाही, आणि विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. जुनी विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) ठेवता येते. यूएसबी डोंगल (प्रोग्रॅमच्या परवान्याची जोडकिल्ली) तेथे सहसा पोचवता येतो. पॅरलल पोर्टचा डोंगल असल्यास जुने यंत्र जपावे, आणि त्याला नेटपासून दूर ठेवावे.